सडा, धूर आणि विजेचा थेंब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाल्यानंतर धूळ आणि धूर यांवर बोलण्यासाठी आम्हांला उभे केलेले पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण मंडळाच्या कार्यकारिणीत आहे. दिल्लीच्या हिवाळ्यात आपले सभागृह, बालवर्ग आणि वाचनालय येथील हवा सुसह्य कशी करावी, याचा विचार गेले वर्षभर चालू आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून प्रांगणात पाण्याचे तुषार उडवणारे यंत्र बसवावे, अशी एक सूचना आली. त्या तुषारांना विजेचा भार दिला तर ते अतिसूक्ष्म कणही पकडतात, असे कोणाच्या तरी वाचनात आले होते. तीही पुरवणी सूचनेला जोडली गेली. आमची नोकरी औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यांच्या सहवासात झालेली असल्यामुळे मत देण्याचे काम आमच्याकडे आले. मत एका ओळीत देता आले असते. परंतु निधी सर्वांच्या वर्गणीचा आहे आणि श्वास घेण्याची गरजही सर्वांचीच आहे; तेव्हा मतामागची कारणे सर्वांसमोर मांडावीत, असे ठरले.

विषयाची सुरुवात आपल्या घरच्या अंगणापासून करू. कोकणात काय, देशावर काय किंवा वऱ्हाडात काय, सकाळी अंगण झाडण्यापूर्वी पाण्याचा हबका मारण्याची रीत आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. पाणी शिंपडले की केरसुणीबरोबर धूळ उठत नाही, हे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक असे. त्याच घराच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली असे. पावसाळ्यात ओली लाकडे धुमसू लागली की डोळ्यांना धारा लागत आणि आढ्याला काजळीची जळमटे लोंबत. पण त्या धुरावर पाणी शिंपडून तो खाली बसवावा, असे कोणा आजीच्या मनात कधी आले नाही. सडा धुळीला बसवतो, धुराला बसवत नाही, हे तिला अनुभवाने माहीत होते. आमच्या आजच्या विषयाचा निम्मा भाग या अनुभवात आहे. उरलेला निम्मा भाग असा, की धुराला पाण्यानेच पकडायचे असेल, तर त्या पाण्याला कोणती जास्तीची शक्ती द्यावी लागेल.

धूळ आणि धूर यांत मुख्य भेद आकाराचा आहे. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातील एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाच्या डोक्याचा केस सरासरीने सत्तर मायक्रॉन जाड असतो. अंगणातून उठणारी, उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसणारी धूळ बहुतांशी दहा ते शंभर मायक्रॉनची असते. धुरातील कण बहुधा एका मायक्रॉनहूनही लहान असतात. वर्तमानपत्रांत रोज जो 'पी.एम. २.५' हा शब्द येतो, त्याचा अर्थ अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे तिसावा भाग. मोठी धूळ नाकात आणि घशात अडकते, शिंकेवाटे बाहेर पडते. हे बारीक कण मात्र फुप्फुसांच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतील अगदी बारीक कण रक्तातही उतरू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या प्रदूषित हवेचा आणि तिच्यातील कणांचा समावेश कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेल्या गोष्टींत केला. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांप्रमाणे एका घनमीटर हवेत या बारीक कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची आहे. दिवाळीनंतरच्या वाईट दिवसांत दिल्लीत हा आकडा दोनशेच्या पलीकडे जातो, हे आपण दरवर्षी पाहतो.

हा कण इतका हलका असतो, की त्याला खाली पडण्याची घाईच नसते. पाण्याएवढ्या घनतेचा एक मायक्रॉनचा कण स्तब्ध हवेत चोवीस तासांत जेमतेम तीन मीटर खाली येतो. आणि हवा तर कधी स्तब्ध नसतेच. म्हणून तो आपणहून खाली बसेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याला धरावे लागते.

मग पाण्याचा थेंब त्याला का धरू शकत नाही? पुराच्या पाण्यात उभा असलेला खांब डोळ्यांसमोर आणा. वाहत येणारा ओंडका जड असल्यामुळे त्याला ऐन वेळी वळता येत नाही. तो खांबावर आदळतो. पाचोळा मात्र पाण्याबरोबर खांबाला वळसा घालून निघून जातो. हवेतून पडणारा थेंब हा असाच एक खांब होय. हवा त्याच्या दोन्ही बाजूंनी वळून जाते. पाच-दहा मायक्रॉनची धूळ ओंडक्यासारखी थेंबावर आपटते आणि ओली होऊन खाली येते. धुराचा कण पाचोळ्यासारखा असतो. हवेचे बोट धरून तो थेंबाच्या अगदी जवळून, पण त्याला न शिवता निघून जातो.

येथे एक गमतीची गोष्ट आहे. कण याहूनही फार लहान झाला, म्हणजे एका मायक्रॉनच्या दहाव्या भागापेक्षा लहान झाला, तर तो पुन्हा थोडाफार सापडू लागतो. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली पाण्यातील सूक्ष्म कणांची जी अखंड वळवळ पाहिली, तीच हवेतही चालू असते. हवेच्या रेणूंचे धक्के खात अतिसूक्ष्म कण जत्रेत चुकलेल्या पोरासारखा इकडेतिकडे भरकटतो आणि भरकटता भरकटता थेंबावर जाऊन पडतो. तात्पर्य, मोठे कण जडपणामुळे सापडतात, अतिसूक्ष्म कण चंचलपणामुळे सापडतात. पण साधारणपणे एक दशांश ते एक मायक्रॉन या मधल्या पट्ट्यातील कण यांपैकी कोणत्याही उपायाने फारसे हाती लागत नाहीत. ग्रीनफील्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५७ साली ही मधली फट गणिताने दाखवून दिली. अणुस्फोटांनंतर हवेत उडालेली किरणोत्सारी धूळ पावसाने किती धुऊन निघेल, या चिंतेच्या प्रश्नाचा तो शोध घेत होता. आज त्या फटीला त्याचेच नाव आहे. दुर्दैव असे, की धुरातील पुष्कळसे कण नेमके याच फटीत बसतात.

याचा पडताळा घरी घेता येतो. बंद खोलीत उदबत्ती लावा आणि तिच्या धुरावर केसांना पाणी मारायच्या बाटलीने तुषार उडवा. धुराची रेघ हलेल, विस्कटेल, पसरेल. नाहीशी होणार नाही. थोड्या वेळाने खोलीत वास तेवढाच राहतो आणि तिरपा प्रकाश टाकला तर धूसरपणाही तेवढाच दिसतो. आजीचा अनुभव आणि ग्रीनफील्डचे गणित येथे एकमेकांना दुजोरा देतात.

आता विजेकडे वळू. दिल्लीच्या कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, अंधारात ठिणग्याही दिसतात. त्याच हवेत प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला, तर कपटे उडून कंगव्याला चिकटतात. कपट्यांवर स्वतःचा विद्युत्भार नसतो. कंगव्यावरचा भार दुरूनच कपट्यातील भारांची थोडी फारकत करतो. विरुद्ध भार कंगव्याकडे सरकतो आणि ओढ निर्माण होते. तोच कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला तर धार त्याच्याकडे वळते, हेही आपल्या मुलांनी शाळेत पाहिले असेल.

थेंबाला असा विद्युत्भार दिला, म्हणजे तो आता नुसता खांब राहत नाही. जवळून वळसा घालून जाणाऱ्या कणाला तो ओढून घेऊ शकतो. कण भाररहित असला तरी कपट्याप्रमाणे थोडी ओढ असतेच. आणि कणाला आधीच विरुद्ध भार देऊन ठेवला, तर ती ओढ कितीतरी पटींनी वाढते. थेंब धनभाराचा आणि कण ऋणभाराचा, किंवा याच्या उलट, अशी जोडी जमली की ग्रीनफील्डची फट बुजू लागते. पाण्याला द्यायची ती जास्तीची शक्ती हीच.

थेंबावर किती भार मावतो, याला मर्यादा आहे. पाण्याचा पृष्ठताण थेंबाला गोळा करून ठेवतो, तर एकाच जातीचे भार परस्परांना दूर लोटून त्याला फोडू पाहतात. हे दोन्ही जोर कोठे सारखे होतात, याचे सूत्र लॉर्ड रॅले यांनी १८८२ साली दिले. त्या सूत्राने हिशेब केला, तर एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या थेंबावर चार कोटींहून अधिक इलेक्ट्रॉनांचा भार मावतो. प्रत्यक्ष यंत्रात याचा लहानसा अंशच देता येतो. तरीही तो कामापुरता असतो.

हा भार देण्याची रीत फार सोपी आहे. पाण्याच्या तोटीसमोर, तुषार जेथे फुटतात तेथे, धातूचे एक कडे बसवायचे. पाणी जमिनीशी विजेने जोडलेले ठेवायचे आणि कड्याला काही हजार व्होल्टचा दाब द्यायचा. कडे धनभाराचे असेल, तर ते तोटीच्या तोंडाशी आलेल्या पाण्यात ऋणभार ओढून घेते, आणि तेथून तुटणारा प्रत्येक थेंब तो ऋणभार घेऊन निघतो. कडे पाण्याला शिवत नसल्यामुळे विजेचा प्रवाह अत्यल्प लागतो. दाब मोठा, पण खर्च लहान.

कल्पना नवी नाही. विजेच्या साहाय्याने धूर पकडण्याचे कारखान्यात चालणारे पहिले यंत्र कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०७ च्या सुमारास उभे केले. त्यात पाण्याचे थेंब नव्हते, भारित तारा आणि पत्रे होते. त्याच वंशातील अवाढव्य यंत्रे आज आपल्या प्रत्येक कोळशाच्या वीजकेंद्रात धुराड्याच्या अलीकडे उभी असतात. भारित तुषारांनी धूळ पकडण्याच्या यंत्राचे एकस्व गेलॉर्ड पेनी यांना १९४४ साली अमेरिकेत मिळाले. पुढे १९७० नंतरच्या दशकात या विषयाला बहर आला. वॉशिंग्टन विद्यापीठात मायकेल पिलट आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, थेंब आणि कण भाररहित असताना जेथे शेकडा सत्तरच्या आसपास कण पकडले जात, तेथे दोघांना विरुद्ध भार दिल्यावर हे प्रमाण नव्वदच्या पुढे गेले. निसटणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर या सुधारणेचे मोल कळते. ॲरिझोना विद्यापीठातील स्टुअर्ट होनिग यांनी त्याच दशकात दाखवले, की कारखान्यांतील बऱ्याचशा धुळीवर मुळातच थोडा विद्युत्भार असतो. त्याच्या विरुद्ध भाराचे धुके सोडले, तर दगडफोडीच्या किंवा माल ओतण्याच्या ठिकाणी उठणारी धूळ अधिक चांगली बसते.

हे सारे दूरचे वाटत असेल, तर २०२० नंतर आपण सर्वांनी तोंडाला बांधलेला 'एन ९५' मुखपट्टा आठवा. त्याच्या आतल्या थरातील तंतूंवर कायमचा विद्युत्भार भरलेला असतो. म्हणूनच श्वास न कोंडता तो सुमारे तीन दशांश मायक्रॉनच्या कणांपैकी शेकडा पंच्याण्णव अडवतो. येथे थेंबाच्या जागी तंतू आहे, तत्त्व तेच आहे. ज्यांनी काटकसरीने हा मुखपट्टा साबणाने धुऊन पुन्हा वापरला, त्यांनी त्यातील मळाबरोबर त्याचा भारही घालवला, हे जाता जाता सांगून ठेवतो.

भारित थेंबांचे खरे घर कारखान्यात, बंद नळीत आहे. आपल्या देशातील कोळशात राख फार. बहुधा शेकडा तीस ते पंचेचाळीस भाग. ती राख विजेला सहज वाट देत नाही, त्यामुळे कॉट्रेलच्या वंशातील कोरडी यंत्रे आपल्याकडे फार मोठी बांधावी लागतात. शिवाय पत्र्यांवर साठलेली राख ठोकून पाडताना थोडी पुन्हा उडते. केवळ पाण्याने धूर धुणारी यंत्रेही आहेत. पण बारीक कण धरण्यासाठी त्यांत धूर फार वेगाने पाण्यात घुसवावा लागतो आणि त्यासाठी पंख्यांना पुष्कळ वीज लागते. भारित तुषारांनी हा वेगाचा खर्च वाचतो, पकडलेला कण पाण्याबरोबर वाहून जात असल्याने पुन्हा उडत नाही, आणि धुरातील गंधकाचा वायूही थोडासा पाण्यात विरघळतो. दोषही आहेत. मळलेल्या पाण्याची सोय लावावी लागते, नाही तर हवेतील घाण नदीत गेली एवढेच होते. आम्लामुळे लोखंड गंजते. ओलाव्यात हजारो व्होल्टचा दाब टिकवणे हे कटकटीचे काम असते. आणि मुख्य अट अशी, की धूर काही सेकंद तरी त्या तुषारांच्या सहवासात बंद कोठडीत राहिला पाहिजे.

या अखेरच्या अटीपाशी आपल्या प्रांगणातील यंत्राचा निकाल लागतो. उघड्या आकाशाखाली धूर थेंबांची वाट पाहत थांबत नाही. वाऱ्याबरोबर निघून जातो. एकाच भाराचे थेंब एकमेकांना दूर लोटत असल्यामुळे भारित धुके उघड्यावर चटकन पांगते आणि जवळच्या भिंतीवर, झाडावर, जमिनीवर जाऊन आपला भार सोडते. साध्या तुषारांच्या तोफा आपण शहरात रस्तोरस्ती आणि बांधकामांवर पाहतो. त्या निरुपयोगी नाहीत. त्या सडा घालतात. मातीची मोठी धूळ त्यांनी बसते. पण धुराचे कण त्यांच्या जवळून पाचोळ्यासारखे वळसा घालून जातात. शिवाय पाणी खारे असेल तर आणखी एक फजिती होते. एका लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याचा वीस मायक्रॉनचा थेंब हवेतच सुकला, तर मागे सुमारे सव्वा मायक्रॉनचा क्षाराचा कण उरतो. म्हणजे जो शत्रू पकडायचा, त्याच्याच सैन्यात आपण भरती करतो.

उघड्या आकाशाचा आवाका किती असतो, याचा एक ढोबळ हिशेब आम्ही केला. दिल्लीचे क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर. हिवाळ्याच्या वाईट दिवशी धूर जमिनीपासून तीनशे मीटर उंचीपर्यंत कोंडला आहे असे धरू. म्हणजे सुमारे ४४५ घनकिलोमीटर हवा झाली. घनमीटरला दोनशे मायक्रोग्रॅम या दराने तिच्यात बारीक कण किती असतील? सुमारे ८९ टन. दहा टनांचे नऊ ट्रक भरतील, एवढेच! कोट्यवधी माणसांचा जीव गुदमरवणारा ऐवज नऊ ट्रकांत मावतो, हे ऐकून उपाय सोपा वाटेल. पण तो ऐवज ४४५ घनकिलोमीटरांत विखुरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये कॅनॉट प्लेसजवळ हवा गाळणारा चोवीस मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. सेकंदाला एक हजार घनमीटर हवा गाळण्याची त्याची क्षमता सांगितली गेली होती. त्या वेगाने दिल्लीची ही हवा केवळ एकदा गाळायला त्या एका मनोऱ्याला चौदा वर्षे लागतील. आणि वारा व धूर तर रोज नवे येतात.

आता हाच हिशेब धुराड्याच्या तळाशी करू. कोळशाच्या भट्टीतून निघालेल्या, अजून न गाळलेल्या वायूत घनमीटरला काही दशक ग्रॅम राख असते. म्हणजे आकाशातील हवेच्या लक्षपटीने दाट. तेथे कण हाताशी असतात, बंद नळीत असतात आणि जायला एकच वाट असते. २०१७ नंतर उभारलेल्या वीजकेंद्रांना घनमीटरला केवळ तीस मिलिग्रॅम कण बाहेर सोडण्याची मुभा आहे. म्हणजे हजारातील नऊशे नव्याण्णवांहून अधिक भाग आतच अडवावे लागतात. जे निसटतात, त्यांत बारीक कणांचा वाटा मोठा असतो, आणि त्यांच्यासाठीच भारित थेंबासारख्या विद्येचे महत्त्व आहे. दिल्लीच्या हवेतील बारीक कणांचा बराच भाग तर धुराड्यातून कण म्हणून निघतच नाही. गंधकाचे, नत्राचे वायू आणि अमोनिया यांच्यापासून तो हवेतच तयार होतो. त्याला धरायचे तर वायू असतानाच धरावे लागते. ऑक्टोबर २०१८ मध्ये बदरपूरचे वीजकेंद्र कायमचे बंद झाले, तेव्हा आपल्यातील काहींनी जुन्या सोबत्याला निरोप द्यावा तसा त्याला निरोप दिला, आम्हीही त्यांतलेच. पण मुळाशी धरण्याचा तोही एक मार्ग होता, हे मान्य केले पाहिजे.

हा धडा शिकवण्यात आपल्या महाराष्ट्रातील एका संस्थेचाही वाटा आहे. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था १९६२ साली स्थापन झाली. वातावरणातील वीज आणि मेघबिंदू यांवर तेथे अनेक वर्षे संशोधन झाले आहे. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी दिल्लीच्या हवेचा अंदाज सांगणारी 'सफर' ही व्यवस्था याच संस्थेने उभी केली. धूर कोठून किती येतो याची मोजणी झाल्याशिवाय तो कोठे धरावा हे ठरत नाही. आणि ती मोजणी पुण्याच्या माणसांनी दिल्लीसाठी केली, याचे आपणां दूरदेशी मराठी कुटुंबांना समाधान वाटावे.

असो. आता कार्यकारिणीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. प्रांगणात तुषारयंत्र घेऊ नये. भारित तर मुळीच घेऊ नये. मुले जेथे खेळतात तेथे ओलाव्यात हजारो व्होल्टचा दाब आणण्याचे धाडस करण्याजोगा लाभ त्यात नाही. प्रांगणाची धूळ बसवायची असेल, तर सकाळी पाण्याचा हबका पुरेसा आहे. ती विद्या आपल्या घरचीच आहे.

निधीचा पहिला भाग बालवर्ग आणि वाचनालय यांच्यासाठी खर्च करावा. बंद खोली ही बंद नळीसारखीच असते. तेथे गाळणीचे यंत्र आपले काम करू शकते. यंत्र खोलीच्या मानाने निवडावे, म्हणजे तासाभरात खोलीतील सारी हवा चार-पाच वेळा त्यातून जाईल. कारखान्याला जे शोभते ते घराला शोभतेच असे नाही: हवेत विद्युत्भार सोडणारी काही शोधकयंत्रे ओझोन निर्माण करतात आणि तो फुप्फुसांना बाधक असतो. म्हणून साधी, दाट तंतूंची गाळणी असलेले यंत्र घ्यावे आणि गाळणी वेळेवर बदलण्याची तरतूद आजच अंदाजपत्रकात करावी. मळलेली गाळणी म्हणजे नुसता पंखा होय.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या धुराड्यांसाठी असावा. आपण म्हणाल, मंडळाला कसली धुराडी? गणेशोत्सवात वीज गेली की मांडवामागे धडधडणारे डिझेलचे जनित्र आपलेच आहे. महाप्रसादाच्या वेळी पेटणाऱ्या लाकडाच्या भट्ट्या आपल्याच आहेत. शरदात पडलेल्या पानांचा ढीग पेटवणारा मनुष्य आपल्याच सांगण्यावरून तो पेटवतो. आणि पौष-माघाच्या थंडीत रात्रभर फाटकापाशी बसणारा आपला चौकीदार हाताला लागेल ते, पुठ्ठा, प्लॅस्टिक, जुन्या फळ्या, जाळून शेक घेतो. ती शेकोटी बालवर्गाच्या खिडकीपासून वीस पावलांवर आहे. तिचा पहिला धूर त्याच्याच छातीत जातो, उरलेला सकाळी आपल्या मुलांच्या. त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही. थंडी आम्हांलाही वाजते, फरक एवढाच की आम्ही रजईत असतो. या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याच्या खोलीला विजेची शेगडी आणि बंद होणारे दार मिळाले, तर धूर निर्माणच होणार नाही. आणि न निर्माण झालेला धूर पकडायला कोणतेही यंत्र लागत नाही.

शहराच्या मोठ्या धुराड्यांविषयी आपण एकट्याने काही करू शकत नाही, हे खरे. पण या मंडळात अभियंते आहेत, वकील आहेत, सरकारी अधिकारी आहेत, शिक्षिका आहेत. उद्या कोणी चौकाचौकांत मनोरे आणि तोफा उभारण्याची घोषणा केली, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी आपण एकच प्रश्न विचारावा: हा धूर निघतो कोठे, आणि तेथे तो धरण्यासाठी काय केले? एका भारित थेंबाची करामत पाहताना आम्हांला विज्ञानाविषयी नेहमीच कौतुक वाटत आले आहे. पण तो थेंबही आपले काम तेथेच करतो, जेथे धूर अजून हातचा गेलेला नसतो.

 मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत हिवाळ्यातील कार्यक्रम पुन्हा उघड्या प्रांगणात होवोत, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.